डेल्सफर्डचे वतन

इंग्लंडचा इतिहास आपण शाळेत शिकलो तो राजांच्या नावांनी आणि लढायांच्या सनावळीने. त्या देशातील एखाद्या खेड्याची जमीन कोणाच्या नावावर होती, ती कशी गेली आणि कोणी घेतली, हा प्रश्न तेव्हा आम्हाला कधी पडला नाही. इंग्रज लोकांना मात्र तो पडला आणि त्यांनी तो मोठ्या चिकाटीने धसास लावला. १८९९ साली तेथे परगणावार इतिहासाची एक प्रचंड ग्रंथमाला सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाच्या नावाने चाललेली ही माला अजून पुरी झालेली नाही. तिच्यात एकेक गाव घेतात आणि त्याचा मॅनर कोणाकडून कोणाकडे गेला, देवळाचा पाद्री नेमण्याचा हक्क कोणाचा, गोरगरिबांसाठी कोणी काय ठेवून गेले, हे ओळीने सांगतात. वाचावयास बसले तर पहिल्या चार पानांतच डोळे मिटू लागतात, हे कबूल केले पाहिजे. अमक्याने तमक्यास विकले, त्याला मूल नव्हते म्हणून पुतण्याकडे गेले, पुतण्याने गहाण टाकले! परंतु आपल्याकडील जुनी वतनपत्रे आणि महजर ज्यांनी चाळले आहेत, त्यांना ठाऊक आहे की अशा कंटाळवाण्या ओळींखालीच माणसांचे जीव अडकलेले असतात. असेच एक गाव आज आम्ही निवडले आहे. त्याचे नाव डेल्सफर्ड. विस्तार हजार एकरांच्याही आतला. पण त्याच्या मालकीची कथा सांगू लागले की ती बंगालपर्यंत, काशीपर्यंत आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यापर्यंत येऊन पोहोचते.

मॅनर म्हणजे काय, हे आधी थोडे स्पष्ट केले पाहिजे. मॅनर म्हणजे नुसती जमीन नव्हे. काही जमीन धन्याची स्वतःची, आपण शेरी म्हणतो तशी, बाकीची कुळांकडे. कुळांनी ठराविक दिवस धन्याच्या शेरीत वेठीने राबावयाचे, पुढे पुढे त्याबद्दल पैसे द्यावयाचे. धन्याचा कारभारी ठरलेल्या दिवशी कचेरी भरवी. कूळ मेले की त्याचा वारस तेथे येऊन नजराणा भरी, त्याची नोंद कचेरीच्या गुंडाळीत होई आणि त्या नोंदीची नक्कल वारसाच्या हाती पडे. ती नक्कल हाच त्याच्या हक्काचा कागद. म्हणून अशा जमिनीला इंग्रजीत ‘नकलेवर धरलेली जमीन’ अशा अर्थाचा शब्द आहे. ही पद्धत किती चिवट असावी? ती कायद्याने संपली १ जानेवारी १९२६ रोजी!

पॅरिशचे प्रकरण याहून निराळे. मॅनर धन्याचा, तर पॅरिश देवळाचा. दोघांच्या शिवा पुष्कळदा जुळत, पण जुळल्याच पाहिजेत असे नव्हे. पॅरिशमधील प्रत्येकाने आपल्या पिकाचा, लोकरीचा, कोकरांचा दहावा हिस्सा देवळाला द्यावयाचा. हा दशांश तेथील मुख्य पाद्र्याचा, म्हणजे रेक्टरचा. आणि हा पाद्री नेमावयाचा कोणी? मूळ काळी धन्यानेच आपल्या जमिनीत देऊळ बांधलेले असे. तेव्हा पाद्र्याचे नाव सुचविण्याचा हक्कही त्याचाच. बिशपने फार तर मान डोलवावयाची. हा हक्क पुढे घरादारासारखी मिळकत बनला. तो विकता येई, मुलीच्या लग्नात देता येई, मृत्युपत्रात लिहिता येई. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत मठ बुडविले तेव्हा मठांचे मॅनर, मठांकडचे दशांश आणि पाद्री नेमण्याचे हक्क राजाकडे आले आणि राजाकडून दरबारी, वकील, व्यापारी यांच्या खिशात गेले. देवाच्या नावाने गोळा होणारा दशांश कित्येक गावांत अशा गृहस्थांच्या कोठारात पडू लागला, आणि ही गंमत तिथल्या लोकांनी तीनशे वर्षे सोसली. १८३६ सालच्या कायद्याने या दशांशाचे रोकड पैशांत रूपांतर झाले.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. जमीन, कचेरी, दशांश आणि पाद्री नेमण्याचा हक्क या एकाच झाडाच्या फांद्या असल्या तरी त्या वेगवेगळ्या तोडून विकता येत. डेल्सफर्डच्या कथेचे मर्म यातच आहे.

डेल्सफर्डचे नाव आठव्या शतकातील एका दानपत्रात सापडते. मर्सियाचा राजा एथेलबाल्ड याने मठ बांधण्यासाठी तेथील जमीन एका धर्मसेवकाला दिली होती. पुढे ती वूस्टरच्या बिशपकडे आली. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, साऱ्या राज्याची ती प्रसिद्ध पाहणी केली. तिच्या वहीला लोकांनी पुढे ‘डूम्सडे’, म्हणजे कयामतीच्या दिवसाची वही, हे नाव ठेवले. तिच्यातील निकालावर अपील नाही, हा त्यातला अर्थ. वहीतला मुख्य प्रश्न एकच: राजा एडवर्ड जिवंत असता ही जमीन कोणाकडे होती आणि आज कोणाकडे आहे? या दोन नावांच्या मधल्या जागेत एका सबंध सरदारवर्गाचे उच्चाटन मावले आहे. सॅक्सन नावे गेली, नॉर्मन नावे आली. बिशपच्या जमिनींना मात्र फारसा धक्का लागला नाही. डेल्सफर्ड त्यांपैकीच.

बिशपकडे असल्यामुळे या गावाच्या नशिबी एक चमत्कारिक गोष्ट आली. ग्लॉस्टरशर आणि ऑक्सफर्डशर या परगण्यांच्या मध्ये ते वसलेले. पण बिशपच्या विखुरलेल्या जमिनी एका महालात मोजल्या जात आणि तो महाल वूस्टरशरमध्ये धरला जाई. म्हणून डेल्सफर्डही वूस्टरशरमध्ये! नकाशावर पाहिले तर परगण्याचा एक तुकडा परक्या मुलुखात बेटासारखा पडलेला दिसे. ही व्यवस्था १९३१ पर्यंत टिकली; त्या साली डेल्सफर्ड ग्लॉस्टरशरला जोडले गेले. आपल्याकडे संस्थानांच्या काळात एका राज्याचे गाव दुसऱ्या राज्याच्या पोटात असे, हे जुन्या माणसांना आठवत असेल. तेथेही तसेच होते, आणि कारणही तेच: शीव ही जमिनीवरून नव्हे, जमिनीच्या धन्यावरून ठरलेली.

बिशपच्या हाताखाली हे गाव धरणारे घराणे हेस्टिंग्ज नावाचे. बाराव्या-तेराव्या शतकापासून ते तेथे होते. मॅकॉलेने या घराण्याची मुळे डॅनिश समुद्री राजापर्यंत नेणाऱ्या वंशावळीचा उल्लेख केला आहे. अशा वंशावळी आपल्याकडेही सूर्यचंद्रापाशी जाऊन थांबतात, तेव्हा तो भाग सोडून देऊ. घराणे जुने होते, एवढे खरे. जवळच्या ऑक्सफर्डशरमध्ये येलफर्ड नावाचे गाव आहे, त्याला तर येलफर्ड हेस्टिंग्ज असेच म्हणत.

या घराण्याला ग्रहण लागले ते सतराव्या शतकातल्या यादवीत. पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांचे युद्ध जुंपले तेव्हा हेस्टिंग्ज राजाच्या बाजूचा निघाला. राजाची बाजू हरली. हरलेल्यांच्या जमिनी पार्लमेंटने जप्त केल्या आणि दंड भरून त्या सोडवून घेण्याची सोय ठेवली. दंड भरावयाचा तर जमीन गहाण टाकावयाची किंवा विकावयाची, म्हणजे जमीन राखण्यासाठीच जमीन घालवावयाची. त्या काळी अशी शेकडो घराणी बसली. येलफर्ड गेले ते पार्लमेंटचा सभापती लेंथॉल याच्याकडे, हेही त्या काळाला साजेसेच. डेल्सफर्ड कसेबसे आणखी दोन पिढ्या टिकले. १७१५ साली तेही जेकब नाइट नावाच्या व्यापाऱ्याला विकावे लागले.

पण विकण्यापूर्वी घराण्याने एक तजवीज केली. गावच्या देवळावर पाद्री नेमण्याचा हक्क अजून हाती होता. तो वापरून धाकट्या मुलाला, पेनिस्टन हेस्टिंग्जला, रेक्टर करून टाकले. म्हणजे वाडा गेला, शेते गेली, कचेरी गेली आणि त्याच गावात, त्याच लोकांमध्ये, घराण्याचा मुलगा दशांशावर जगणारा पाद्री होऊन राहिला. ज्या देवळात वाडवडील धनी म्हणून मानाच्या जागी बसत, तेथे समोर नवा धनी बसलेला आणि आपण त्याला प्रवचन सांगावयाचे! पाटीलकी विकून बसलेल्या घराला पोळ्याच्या दिवशी दुसऱ्याचा बैल पुढे जाताना पाहून काय वाटत असेल, त्यावरून याची कल्पना करावी. व्हावयाचे तेच झाले. रेक्टर आणि नवा धनी यांच्यात दशांशावरून कज्जे सुरू झाले आणि ते कज्जे रेक्टरला नागवून गेले. तो शेजारच्या चर्चिल गावात राहू लागला. तेथे ६ डिसेंबर १७३२ रोजी त्याला एक नातू झाला. आई बाळंतपणातच गेली, बापाने मुलाला सोडून वेस्ट इंडीजची वाट धरली, आणि आजोबाने त्या पोराला गावच्या धर्मादाय शाळेत शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर बसविले. हा मुलगा वॉरन हेस्टिंग्ज.

सातव्या वर्षी उन्हाळ्याच्या एका दिवशी ओढ्याकाठी पडून या मुलाने मनाशी ठरविले की डेल्सफर्ड परत घ्यावयाचे. ही गोष्ट त्याने स्वतः म्हातारपणी सांगितली आहे. म्हातारपणी सांगितलेल्या लहानपणच्या गोष्टींवर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न आहेच. पण पुढची पन्नास वर्षे तो ज्या तऱ्हेने वागला, त्यावरून ही गोष्ट मुळीच असंभाव्य वाटत नाही.

१७५० साली कंपनीचा कारकून म्हणून तो बंगालला आला. अशा कारकुनांच्या मनात परत जाऊन मॅनर घेण्याचे स्वप्न असणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. इंग्लंडात जमिनीवाचून प्रतिष्ठा नाही आणि कित्येक ठिकाणी जमिनीबरोबर पार्लमेंटची जागाच पदरात पडत असे. मद्रासचा गव्हर्नर टॉमस पिट याने सॅलिसबरीजवळचे ओल्ड सेरम घेतले होते. तेथे गाव म्हणून काही उरलेच नव्हते, पण ती ओसाड टेकडी दोन सभासद पाठवीत असे, ते थेट १८३२ पर्यंत. याच पिटने मद्रासेत घेतलेला गोवळकोंड्याकडचा मोठा हिरा १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीस १,३५,००० पौंडांना विकला आणि त्या पैशांतून आणखी इस्टेटी केल्या. त्याचा नातू, थोरला विल्यम पिट, १७३५ साली ओल्ड सेरमवरूनच पार्लमेंटात शिरला. क्लाइव्हने वॉलकॉट आणि क्लेअरमाँट घेतले. मुर्शिदाबादचा रेसिडेंट सायक्स याने १७७१ मध्ये बर्कशरचे बेसिल्डन घेतले. जुने जमीनदार या मंडळींना ‘नबाब’ म्हणून नाके मुरडीत आणि त्यांनी पुढे केलेली किंमत निमूट घेत. हेस्टिंग्जचे वेगळेपण एवढेच, की त्याला कोणतेही एखादे मॅनर नको होते. त्याला तेच हवे होते.

आता बंगालकडे वळू. १७७२ साली हेस्टिंग्ज बंगालचा गव्हर्नर झाला. नुकताच १७७० चा भयंकर दुष्काळ होऊन गेलेला, कंपनीची तिजोरी रिकामी. त्याच वर्षी त्याने बंगालचा सारा वसूल करण्याचे हक्क पाच वर्षांच्या मुदतीने लिलावाला काढले. जो जास्त बोली बोलेल त्याच्या नावावर महाल! पिढ्यान्‌पिढ्या महाल सांभाळणारे जमीनदारही या लिलावात आपल्याच वडिलार्जित हक्कासाठी बोली बोलत उभे राहिले. कोणी आवाक्याबाहेरची बोली बोलून बुडाले, कोणी कलकत्त्याच्या सट्टेबाजांपुढे हरले. वसूल तर झाला नाहीच, रयत मात्र नागवली गेली. ज्या माणसाचे बालपण एका विकल्या गेलेल्या वतनाच्या सावलीत गेले, ज्याने आजोबाला कज्ज्यांत खचताना पाहिले, त्याच्याच हातून हे व्हावे! हेस्टिंग्जचा वैरी फिलिप फ्रान्सिस याने १७७६ साली जमीनदारांचा मालकी हक्क कायम करावा अशी योजना मांडली, ती हेस्टिंग्जला पटली नाही. त्याच्या मते जमीनदार हे वसुलीचे अधिकारी, खरे मालक नव्हेत. या मतालाही आधार होता, हे नाकारता येत नाही. वतन आणि मालकी या गोष्टी आपल्याकडे इंग्लंडसारख्या कधीच नव्हत्या. पण डेल्सफर्डच्या बाबतीत हा गृहस्थ इतका बारकाईने विचार करीत नव्हता, हेही नाकारता येत नाही.

पुढचा प्रसंग आपल्या इतिहासाशी जुळलेला आहे. १७७५ ते १७८२ इंग्रज मराठ्यांशी लढत होते. १७७८ पासून फ्रेंचांशीही युद्ध सुरू झाले आणि १७८० मध्ये हैदरही उठला. नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांनी कंपनीला चांगलेच जेरीस आणले होते. युद्धाला पैसा हवा. काशीचा राजा चेतसिंग कंपनीला वर्षाला सुमारे साडेबावीस लाख रुपये देत होता. १७७८ पासून त्याच्याकडे आणखी पाच लाखांची मागणी सुरू झाली, मग घोडदळ मागितले आणि १७८१ मध्ये हेस्टिंग्ज पन्नास लाखांचा दंड मनात ठरवून स्वतः काशीला गेला. राजाला त्याच्याच वाड्यात पहाऱ्यात बसविले. शहर उठले, पहाऱ्याचे शिपाई कापले गेले, राजा निसटला. त्याचा बिजयगढ घेणारा पॉपहॅम हा तोच अधिकारी, ज्याने आदल्या वर्षी शिंद्यांचा ग्वाल्हेरचा किल्ला रात्री शिड्या लावून घेतला होता. बिजयगढात सापडलेला पैसा फौजेने तेथेच वाटून घेतला. ज्या तिजोरीसाठी हे सारे केले तिच्या हाती काही आले नाही. १७८२ च्या मे महिन्यात सालबाईला मराठ्यांशी तह झाला. चेतसिंग महादजीच्या आश्रयाला आला. काशीचे राज्य त्याला पुन्हा मिळाले नाही. तो १८१० साली ग्वाल्हेरीस वारला.

१७८५ मध्ये हेस्टिंग्ज इंग्लंडला परतला. इतर नबाबांच्या मानाने त्याची पुंजी बेताची होती. पैशाच्या बाबतीत तो लोभी असण्यापेक्षा बेफिकीर होता, असे त्याच्या शत्रूंखेरीज बहुतेकांचे मत आहे. फेब्रुवारी १७८८ मध्ये त्याच्यावरचा तो गाजलेला खटला उभा राहिला. बर्क बोलावयास उभा राहिला तेव्हा सभागृहातील स्त्रिया बेशुद्ध पडल्याची वर्णने आहेत. चेतसिंगाचे प्रकरण आरोपांत अग्रभागी होते. माणसाची अब्रू, मालमत्ता, सारे पणाला लागलेले असे हे वर्ष. आणि याच १७८८ साली हेस्टिंग्जने नाइट घराण्याकडून डेल्सफर्ड विकत घेतले! शहाण्या माणसाने अशा वेळी पैसा हाताशी ठेवला असता. पण त्रेहात्तर वर्षांनी गाव घरात परत येत होते. तेथे शहाणपण कोण पाहतो?

मग त्याने सॅम्युअल पेपिस कॉकरेल या वास्तुकाराकडून १७८८ ते १७९३ या वर्षांत नवा वाडा बांधविला. शिरावर घुमट, आतील शेकोट्यांच्या दगडी चौकटींवर हिंदी देखावे, खोल्यांतून हस्तिदंती आसने. बागेत त्याने लिचीची झाडे लावून पाहिली. बंगालचे हे फळ इंग्लंडच्या हवेत रुजावे म्हणून म्हातारा धडपडत होता. १७९३! त्याच वर्षी कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये कायमधाऱ्याची पद्धत लागू केली आणि जमीनदारांना इंग्लिश धर्तीचे मालक बनविले. सारा वेळेवर भरला नाही तर मात्र जमिनीचा लिलाव. तो कायदा लागू झाल्यावर थोड्याच वर्षांत बंगालमधील कित्येक मोठ्या जुन्या जमीनदाऱ्यांचे तुकडे होऊन ते कलकत्त्याच्या बोलीदारांकडे गेले. मॅनर ही वस्तू इंग्लंडमधून तेथे निर्यात झाली ती तिच्या विक्रीपत्रासकट.

खटला सात वर्षे चालला. २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला; पण बचावाच्या खर्चाने, सत्तर हजार पौंडांच्या वर गेलेल्या, त्याला कफल्लक केले होते. कंपनीने वर्षाला चार हजार पौंडांचे पेन्शन दिले, बिनव्याजी कर्ज दिले, आणि त्यावर वाडा हाती टिकला. हा कंपनीचा पैसा मूळचा कोठला, हे आम्ही सांगावयास नको. बंगालच्या रयतेने सारा भरला, त्यातूनच शेवटी एका इंग्लिश खेड्याचे गहाणखत सुटले.

१८१६ साली त्याने गावचे पडके जुने देऊळ नव्याने बांधविले. आजोबा जेथे रेक्टर होता, तेच हे देऊळ. दोन वर्षांनी, २२ ऑगस्ट १८१८ रोजी, तो डेल्सफर्डच्या वाड्यातच वारला. त्या वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला होता.

हेस्टिंग्जला मूल उरले नव्हते. वाडा आणि गाव पत्नीकडे राहिले, १८३७ साली ती गेल्यावर तिच्या पहिल्या नवऱ्याच्या मुलाकडे, सर चार्ल्स इमहॉफकडे आले, आणि १८५३ मध्ये सारे विकले गेले. म्हणजे अठरा पिढ्यांचे म्हणून जे परत मिळविले, ते हेस्टिंग्ज नावाखाली मोजून अर्धशतक टिकले. नवा मालक हरमन ग्रिझवुड याने हेस्टिंग्जचे देऊळही पाडले आणि त्याच जागी दुसरे उभे केले. विसाव्या शतकात वृत्तपत्रांचे मालक लॉर्ड रॉदरमिअर, नंतर बॅरन थायसेन असे धनी होत होत १९८८ साली डेल्सफर्ड बॅमफर्ड घराण्याकडे आले. हे नाव श्रोत्यांना अपरिचित वाटेल. पण जोसेफ सिरिल बॅमफर्ड या नावाची तीन आद्याक्षरे जे, सी, बी आपल्या प्रत्येक तालुक्याच्या रस्त्यावर पिवळ्या रंगात उभी असतात.

ग्रिझवुडने देऊळ पाडले तरी हेस्टिंग्जच्या थडग्याला हात लावला नाही. ते आवारात, देवळाच्या पूर्वेच्या बाजूस आहे. दगडी चौथऱ्यावर एक कलश आणि त्यावर नाव व साल, एवढेच. गव्हर्नर जनरल हे शब्द तेथे नाहीत.